डोंगरानं नेलेला हात

काचेपलीकडच्या म्हाताऱ्यानं बटण दाबलंच नाही. त्याच्या डाव्या कानात तिनं अगदी बारीक आवाज सोडला होता, दूर कुठंतरी कुणी शीळ घालावी तेवढा, आणि त्या बंद, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत हेडफोन घालून बसलेला म्हातारा समोर बघत शांतपणे म्हणाला, "हं." तिच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून तो हं बाहेर आला. तिनं आणखी बारीक आवाज सोडला. "हं." आणखी बारीक. "हं." कान चांगला होता त्याचा. आत बसवताना तिनं रोजच्यासारखं सगळं सांगितलं होतं: आवाज आला की हे बटण दाबायचं, कितीही बारीक असू दे, कसला आहे, आवडला की नाही, ते कुणी विचारत नाही, ऐकू आला एवढंच कळवायचं. दिवसातून इतक्या वेळा ती हे सांगते की आपण काय बोलतोय याकडे तिचं लक्षही नसतं. ती उठली, जाड दार ओढून उघडलं आणि म्हणाली, "आजोबा, बटण." "अहो हो," म्हातारा ओशाळला, "दाबणारच होतो. तोंडातनं आधी निघून जातं." दार लावून ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसली, आणि तिच्या लक्षात आलं की पुढचा आवाज सोडायला आपलं बोट उठत नाहीये. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला ती म्हणाली, "एवढ्या आजोबांचं तू बघ. मला जरा..." "जरा काय?" "जरा खिडकीशी उभी राहते." मैत्रिणीनं तिच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. वडील दवाखान्यात असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे गेल्या आठवडाभरात तिला कळलं होतं. त्याचा ती फायदा घेत होती, हेही कळत होतं.

खिडकीतून समोरच्या इमारतींच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्या मागं अर्धा डोंगर दिसतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात, हा दुरूनही साजरा नव्हता. उजवीकडून तो नीट, ऐटीत चढत येतो आणि माथ्यावर पोचल्यावर एकदम संपतो. डावीकडे खांदाच नाही, नुसता तुटलेला कडा. शाळेत बाईंनी शिकवलं होतं की मऊ खडक झिजून गेला आणि कठीण तेवढा राहिला. तिनं हात वर करून सांगितलं होतं, नाही, आमच्या आजोबांना झोप लागली म्हणून. सगळा वर्ग हसला होता. तिला त्याचं काही वाटलं नव्हतं, कारण वर्गातल्या पोरांना त्यांच्या घरच्यांनी काहीच सांगितलेलं नसणार अशी तिची खात्री होती. पणजोबा डोंगर घालत होते. घालत होते म्हणजे गोष्ट सांगत होते, तेव्हा डोंगर तसेच व्हायचे, पणजोबा सांगत जायचे आणि डोंगर वर चढत जायचा. समोर बसून हुंकार द्यायचं काम त्यांच्या पोराचं, म्हणजे आजोबांचं. एकेका हं वर डोंगर वीतभर चढायचा. माथ्यापर्यंत सगळं ठीक चाललं, आणि पोराला लागली डुलकी. हं थांबला. पणजोबा पुढं कसं सांगणार? ज्या गोष्टीला हं नाही ती सांगायची नाही, असा नियमच होता. तिथंच राहिला डोंगर. "म्हणून सांगतो," बाबा म्हणायचे, "हं दिला नाहीत तर उद्या सकाळी कुणाचा तरी निम्मा डोंगर तुमच्या नावावर." आणि अंथरुणात पडलेली ती आणि धाकटा भाऊ, डोळे मिटत असतानाही, एकमेकांना चिमटे काढत हं, हं करत राहायची.

बाबा शहर दाखवणाऱ्या बसवर ड्रायव्हर होते. बसबरोबर एक गाईडही असायचा, तो सनावळ्या सांगायचा आणि प्रवासी माना टाकायचे. तो रजेवर गेला त्या दिवशी बाबांनी माईक हातात घेतला, आणि गाईड परत आला तेव्हा प्रवाशांनीच त्याला मागच्या सीटवर बसवलं. लोणकढी थाप मारण्यात बाबांचा हात धरणारा कुणी नव्हता. नदी आधी सरळ शहराकडेच येत होती, पण पणजी नुकतीच फरशी पुसून उठली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओल्यावर पाय देशील तर बघ." नदी बिचारी चपला हातात घेऊन वळसा घालून गेली. "अजून वळसाच घेते," बाबा गंभीरपणे सांगायचे, "कारण इथली फरशी अजून वाळलेली नाही." खिंडीच्या जागी एक सपाट माथ्याचा, नवाकोरा डोंगर होता. पणजोबा चालून दमले, बूड टेकायला जागा मिळेना, तेव्हा त्यांनी त्यावरच बसकण मारली. उठले तेव्हा डोंगर खाली बसलेला आणि पणजोबांची विजार धुळीनं भरलेली. ती पणजीनं अंगणात झटकली, त्या पलीकडच्या टेकड्या. गोल तळं म्हणजे पणजोबांच्या कोटाचं बटण पडलं ती जागा. बटण अजून सापडलेलं नाही, कुणाला दिसलं तर ड्रायव्हरकडे जमा करावं. म्हाताऱ्या बायका उतरताना बाबांच्या डोक्यावरून हात फिरवून जायच्या. तिला हे काम लागल्यावर तिनं सगळ्यात आधी बाबांना त्या काचेमागं बसवलं होतं. कानाचा आलेख कागदावर निघाला, सरळ येणारी रेघ आणि मध्येच एक खोल खळगा. इंजिनाशेजारी जन्म काढलेल्या माणसांचा असा येतो. बाबांनी कागद लांब धरून बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाले, "पणजोबा इथंही बसून गेले वाटतं."

आई होती तोवर या सगळ्याला एक बंदोबस्त होता. "यांचं निम्मं बोलणं सोडून द्यायचं," ती म्हणायची, "पण कुठलं निम्मं, ते कळायला पाहिजे." कारण बाबा दुखणंसुद्धा सरळ सांगत नसत. एकदा संध्याकाळी घरी येऊन पाय पसरून बसले आणि म्हणाले, "तळं दुरुस्तीला काढलंय म्हणे. तोवर थोडं पाणी माझ्या गुडघ्यात ठेवायला दिलंय." ती आणि धाकटा हसून लोळले. आईही हसली, पण हसता हसताच तिनं पायात चपला घातल्या, आणि तासाभरात बाबा डॉक्टरांच्या टेबलावर होते. गुडघ्यातून खरंच पाणी काढलं. दाढ काढायची होती तेव्हा डोंगराला कलत्या सुळक्याखाली घालायला त्यांच्या दाढेची पाचर हवी होती. छातीत जळजळत होतं तेव्हा पणजी तिथं चूल पेटवून गेली होती. ही माणसाची जात अशी की दुखतंय म्हणायला लाजते, म्हणून आख्खा डोंगर उचलून आणते आणि दुखणं त्याच्या पायथ्याशी कुठंतरी ठेवून देते. ज्याला शोधायचं त्यानं शोधावं. आई शोधायची. आई गेल्यावर हे काम आपल्याकडे आलं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. मोठी तीच. शिवाय कान हाच तिचा धंदा. धाकटा एकदा गमतीनं म्हणालाही होता, "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त. तुला पाल चुकचुकलेली पण ऐकू येते."

आठवड्यापूर्वी बाबांचा फोन आला तेव्हा सकाळ होती, आणि काचेमागं एक शाळकरी मुलगी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसली होती. "कोण, कर्णपिशाच्च का?" हे तिचं बाबांनी ठेवलेलं नाव. ती म्हणाली, "बोला बाबा." "अगं, गंमत झाली. आपला अर्धा डोंगर सकाळीच दारात." "हं." "म्हणाला, किती दिवस असा बसू? एक खांदा द्या." "हं." "मी म्हटलं, ने बाबा. डावा ने, उजव्यानं मला चहा प्यायचाय." "हं," ती म्हणाली आणि हसायला लागली. "नेला की गं त्यानं. आता इथं लोंबतोय तो त्याचा आहे, बदल्यात ठेवून गेलाय. काय जड आहे. नुसता दगड." डोंगर बोलायला लागला की बाबा नेहमीच तोंडात खडे भरल्यासारखं बोलायचे, जीभ जाड करून, शब्द एकमेकांवर लोटत. आज स्वतःचं बोलणंही त्यांनी त्याच आवाजात ठेवलं होतं. तिला ते फार आवडलं. म्हातारपणीही माणूस काहीतरी नवीन करतोय, असं तिच्या मनात आलं. हे इतकं स्पष्टपणे मनात आलं होतं, की आता आठवलं की ती जिथं असेल तिथं, रस्त्यात, लिफ्टमध्ये, भांडी विसळताना, डोळे घट्ट मिटून घेते. मुलीनं काचेतून तिच्याकडे बघितलं. "बाबा," ती हसू आवरत म्हणाली, "माझा पेशंट आत बसलाय. उरलेली गोष्ट संध्याकाळी सांगा."  मग त्याच जाड आवाजात बाबा म्हणाले, "बरं. तोवर डोंगर थांबतो का बघतो." याच्यावरही ती हसली. फोन ठेवून तिनं मुलीच्या कानात आवाज सोडला आणि मुलीनं लगेच बटण दाबलं.

बाबा दुपार टळल्यावर सापडले, स्वयंपाकघरात जमिनीवर, उजव्या अंगावर. ते दिवसा घरी एकटेच असायचे, म्हणून शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे किल्ली असायची. जेवणाच्या वेळेला डोकावून जाईन असं त्या म्हणाल्या होत्या, पण एका गिऱ्हाइकाचा कोट घाईचा आला आणि त्या उशिरा डोकावल्या. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. तो म्हणाला, "सकाळी सुरू झालं असणार. लगेच आणलं असतं तर हात वाचला असता. बोलणंही, बहुतेक." धाकट्यानं हे ऐकलं आणि त्याचा चेहरा कामावरच्यासारखा झाला. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. मधेच अडकलेली लिफ्ट नेमकी कशानं अडकली ते शोधल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. "ताई, उजवा हात चालत होता त्यांचा," तो म्हणाला, "फोन हाताशी होता. कुणालाच कसा लावला नाही?" "सुचलं नसेल," ती म्हणाली. ते दोन शब्द बाहेर पडायच्या आधीच काम होऊन गेलं होतं. दवाखान्यात आल्या आल्या नर्सनं एका पिशवीत बाबांचा चष्मा, पट्टा आणि फोन घालून तिच्या हातात दिला होता. धाकटा गाडी लावायला गेला होता. तिनं फोन उघडला, सगळ्यात वर तिचंच नाव होतं, आणि तिनं ते पुसून टाकलं. का, ते तिला त्या क्षणीही सांगता आलं नसतं. फरशीवर काही सांडलं की आपण जसं हाताशी येईल त्या फडक्यानं पुसतो, तसं पुसलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात त्या दिवसापासून भर दुपारचं ऊन होतं, आणि त्यात लपायला कुठंही जागा नव्हती.

फोननं काही सांगितलं नाही, तेव्हा धाकट्याला दुसरा बिघाड सापडला. काकू. "जेवणाच्या वेळेला येते म्हणाल्या होत्या ना? मग? कोट काय पळून जाणार होता?" त्यानं आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. फक्त दवाखान्याच्या जिन्यात काकूंच्या पुढं हात पसरला आणि म्हणाला, "किल्ली द्या. तुमच्यानं होत नसेल तर नको." काकूंनी पर्समधून किल्ली काढून दिली. ती हरवू नये म्हणून त्यांनी तिला आपल्या मशीनवरचा लाल दोरा बांधलेला होता. हे चाललं होतं तेव्हा ती स्वतः बाजूलाच उभी होती. तिनं कानावर हात ठेवले नाहीत, कानाडोळाही केला नाही. सगळं पाहिलं आणि सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी काकू तिला गाठून म्हणाल्या, "मीच चुकले गं. कोटाला हातच लावायला नको होता." आणि ती काय म्हणाली? ती म्हणाली, "जाऊ दे काकू, आता काय." जाऊ दे! जणू काकूंचा अपराध माफ करण्याइतकी ती मोठी होती. रात्री तिला वाटलं, उठावं, धाकट्याला उठवावं आणि सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बाबांनी सांगितलं होतं आणि मी हसले? हे वाक्य ती मनात जुळवायची आणि प्रत्येक वेळी त्यात एखादा शब्द घालायची, 'मला वाटलं', 'नेहमीसारखं', 'पेशंट होता', आणि मग एवढ्या पांघरुणाखालून वाक्य दिसेनासंच व्हायचं. राईचा पर्वत करणं हा त्यांच्या घरातला धंदाच होता. पर्वताची राई करणं मात्र तिचं तिनंच शोधून काढलं.

खिडकीशी ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मागून मैत्रीण म्हणाली, "झालं आजोबांचं. कान छान आहेत. पण शेवटपर्यंत बटण दाबलं नाही हं पठ्ठ्यानं." ती वळली. म्हातारा दारात टोपी सारखी करत उभा होता. तो तिला म्हणाला, "माफ करा हां. आमच्याकडे कुणी काही सांगत असलं की गप्प बसत नाहीत. नाहीतर समोरच्याला वाटतं, ऐकत नाही हा." ती "काही हरकत नाही" म्हणाली, पर्स उचलली आणि कुणाला न विचारता निघाली.

बाबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. दुपारची भेटायची वेळ नुकतीच सुरू झाली होती आणि जिन्यात माणसांच्या हातातल्या डब्यांचा एकमेकांवर आपटून आवाज होत होता. बाबा उशांना टेकून बसवलेले होते. डावा हात चादरीवर, तळवा वर, दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा. बोलायला शिकवणारी बाई सांगून गेली होती, त्यांना सगळं कळतं, जीभ वळत नाही म्हणून शब्द तेवढे येत नाहीत. एकच येत होता. पाणी हवं का? हं. दुखतंय का? हं. धाकट्याला ते कण्हणं वाटायचं, नर्सला होकार वाटायचा. ती एकटीच ओळखून होती. पहिल्या दिवशी ती पलंगाशी बसली, तेव्हाच बाबांनी तिच्याकडे बघून तो हं दिला होता, शेवटी जरासा उचललेला, पुढं ढकलणारा. आठवडाभर ते तिला हुंकार देत होते, आणि ती सांगत होती की बाहेर ऊन फार आहे, धाकट्याच्या मुलीचा दात पडला, वरच्या मजल्यावरचा नळ अजून गळतो. प्रत्येकाला हं मिळत होता. बाबांइतका उदार श्रोता नाही. तिला त्या प्रत्येक हं बरोबर वाटायचं, बाबा तो कुठल्यातरी डोंगराला नेऊन लावतायत, आणि तो डोंगर आपण सांगत नाही तोवर अर्धाच राहणार आहे.

तिनं स्टूल पलंगाला लावलं. बाबांच्या उजव्या हाताखाली आपलं मनगट सरकवलं आणि दाराकडे पाठ करून बसली. "बाबा," ती म्हणाली, "एक डोंगर होता."

बाबांचे डोळे तिच्याकडे वळले. "हं."

"अर्धाच. आमच्या आजोबांना झोप लागली म्हणून राहिलेला."

"हं."

"एक दिवस तो सकाळीच एका माणसाच्या दारात आला. म्हणाला, एक खांदा द्या. माणूस भला. त्यानं डावा हात देऊन टाकला."

"हं."

"पण बदल्यात जो हात मिळाला तो दगडाचा होता. उचलेना. म्हणून त्या माणसानं आपल्या मुलीला फोन केला." 

"हं."

"मुलीनं ऐकलं. तिला सगळं ऐकू आलं, शब्दन्‌शब्द. त्याची जीभ जड झाली होती, तेही ऐकू आलं. ती लोकांचे कानच तपासायची." ती थांबली. मनात जुळवलेले ते सगळे शब्द, 'मला वाटलं', 'नेहमीसारखं', तिथं वाटेत उभे होते. तिनं त्यांना बाजूला केलं. "आणि ती हसली."

हं आला नाही.

बाबा जागे होते. डोळे उघडे होते, तिच्यावर होते, आणि ओठ बंद होते. तिनं वाट बघितली. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी खुर्ची फरपटत नेली. नियम तिला पाठ होता, हं थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं, पुढं सांगायचा हक्क नाही. म्हणजे इथंच राहणार होतं हे, हसण्यापाशी, आयुष्यभर. असू दे, तिला वाटलं. हेच योग्य आहे. ती मनगट काढून घेणार इतक्यात मागून, दारातून, आवाज आला.

"हं."

धाकट्याचा आवाज होता. त्याच्या हातातल्या औषधाच्या पिशवीची कुरकुरही आता तिला ऐकू आली. तो केव्हापासून उभा होता ते तिला कळलं नाही. तो हं लहानपणीचा नव्हता, त्यात चिमटा नव्हता, माया आहे की नाही तेही समजत नव्हतं. पण शेवटी तो उचललेला होता. पुढं ढकलत होता.

मागं वळून न बघता ती पुढं सांगू लागली. "मग तिनं फोन ठेवला. पेशंट आहे म्हणाली. माणूस म्हणाला, बरं. नंतर दवाखान्यात आल्यावर तिनं त्याच्या फोनमधून आपलं नाव पुसलं. आणि शेजारच्या बाईंकडून किल्ली काढून घेतली गेली, तेव्हा ती तिथंच उभी होती. बोलली नाही."

आता हं कुणाचाच आला नाही. धाकटा आत आला. पिशवी खिडकीत ठेवली, त्यातली औषधं एकेक काढून ओळीनं लावली, पुन्हा दुसऱ्या ओळीनं लावली. मग खिशात हात घालून त्यानं लाल दोऱ्याची किल्ली काढली आणि पलंगाच्या कडेला, तिच्या गुडघ्याजवळ ठेवली. "काकूंना तू नेऊन दे," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आजच. आणि सगळं सांग. हे असं डोंगराबिंगराचं नको. सरळ सांग." तिनं मान हलवली. तो भिंतीला टेकला आणि मटकन खाली जमिनीवरच बसला, हात डोक्यावर घेऊन.

तिची मान खाली होती, नजर किल्लीवर होती. तेव्हा मनगटावर काहीतरी झालं. बाबांचा उजवा अंगठा तिथं होता. तो एकदा खाली दाबला गेला, नीट, मुद्दाम, आणि उचलला गेला, काचेमागं बसवून तिनंच त्यांना शिकवलं होतं तसा. तिनं चेहऱ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर राग शोधला, माफी शोधली, निदान एखादी गंमत. अर्धा चेहरा हलत नव्हता आणि उरलेला अर्धा नुसता तिच्याकडे बघत होता. ऐकू आलं, एवढंच ते कळवत होते. बाकीचं कुणी विचारलेलं नव्हतं. तिनं किल्ली उचलली, लाल दोरा बोटाला गुंडाळला आणि काकूंच्या घराकडे जायला निघाली.